नोंद क्रमांक दोनशे चौदा

काळ ही वस्तू मोकळी सोडली तर वाया जाते, म्हणून सर्व सुधारलेल्या समाजांनी ती शाळेच्या ताब्यात दिलेली आहे. सूर्य उगवतो, मावळतो, ऋतू येतात-जातात, पण त्यांना कोणी गंभीरपणे घेत नाही. वर्ष खरं सुरू होतं ते नव्या पुस्तकांना कव्हरं घालताना आणि संपतं ते प्रगतिपुस्तकावर सही होताना. (मधल्या भागाला आयुष्य म्हणण्याची पद्धत आहे.)

हे सत्य ज्यांच्या हाडांत मुरलं होतं असे एक गणिताचे मास्तर होते. वय एक्कावन्न, सेवा सव्वीस वर्षं, शाळा एकच. त्यांची बायको त्याच शाळेत भाषा शिकवायची. तिला सगळी शाळा बाई म्हणायची, म्हणून मास्तरही बाईच म्हणत. लग्नानंतर पहिले काही महिने त्यांनी नावाने हाक मारून पाहिली होती, पण बाईंना ती आपल्याला आहे हे कळायला वेळ लागायचा.

या दोघांच्या सुखी संसाराचं श्रेय एका दोनशे पानी वहीला द्यावं लागेल. शाळा चालू असताना माणसाला बोलायला सवड नसते, हे आपण जाणतोच. सकाळी डबे, मग तास, मग घरी आणलेले पेपरांचे गठ्ठे. तेव्हा ज्या विषयाला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल, तो विषय काढायचा नाही. वहीत लिहायचा आणि म्हणायचं, ‘सुट्टीत बघू.’ मग मे महिना उजाडला, निकाल लागला, की दोघांनी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचं, पंखा तीनवर ठेवायचा आणि नोंदी क्रमाने निकाली काढायच्या. नियम तीनच होते. दोघांनाही एकाच वेळी सुट्टी पाहिजे. चर्चा नोंदीच्या क्रमाने होईल. आणि सुट्टीआधी कोणी कोणाला ‘काय गं’ किंवा ‘काय हो’ करून पिडायचं नाही.

वहीतल्या काही नोंदी अभ्यासकांसाठी इथे देत आहोत.

नोंद ३१ : मोरीचा नळ गळतो. (मे महिना येईपर्यंत नळाने गळणं आपणहून सोडून दिलं. निकाली.)

नोंद ८८ : तुमची आत्या माझ्या बहिणीला जे बोलली ते. (चर्चा तीन दिवस. निष्कर्ष : आत्या तशीच आहे.)

नोंद ११९ : मला राग आला आहे. (कशाचा, ते दोघांनाही आठवेना. एकमताने रद्द.)

नोंद १६० : छातीत दुखतं. (ही मास्तरांनी फेब्रुवारीत केली होती. बाईंनी नियम धाब्यावर बसवून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. पित्त निघालं. क्रम मोडल्याबद्दल मास्तरांनी मे महिन्यात रीतसर नाराजी नोंदवली.)

आकडेवारी बोलकी आहे. एकोणीस वर्षांत झालेल्या दोनशे तेरा नोंदींपैकी सत्त्याऐंशी टक्के मे महिन्यापर्यंत आपोआप सुटल्या. नऊ टक्के विसरल्या गेल्या. उरलेल्या चार टक्क्यांबद्दल मात्र बोलावं लागलं, आणि बोलून झाल्यावर दोघांना फार बरं वाटलं. असा संसार दुसऱ्या कुठल्या खात्यात झाला असता असं वाटत नाही.

अशा या सुरळीत चाललेल्या घरात डिसेंबरात एक पत्र आलं. ‘शिक्षक देवाणघेवाण योजने’खाली गणिताचा एक शिक्षक दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचा होता. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव चित्रकलेच्या सरांचं होतं, पण त्यांना गणित येत नव्हतं. दुसरं नाव ज्यांचं होतं त्यांना विमानाची भीती वाटायची. तिसरे मास्तर. योजनेच्या भाषेत याला ‘कठोर गुणवत्तेवर निवड’ म्हणतात.

निघायला अकरा दिवस होते आणि शाळेत घटक चाचण्या चालू होत्या. बाईंनी एका हाताने पेपर तपासले आणि दुसऱ्या हाताने बॅग भरली. निघायच्या दिवशी सकाळी, रिक्षा दाराशी उभी असताना, मास्तरांनी पाहिलं की बाई टेबलाशी उभ्या राहून वहीत काहीतरी लिहितायत. त्यांनी चष्मा पुढे ओढून वाचलं.

नोंद २१४ : एक बोलायचं आहे.

“काय बोलायचंय?” मास्तर म्हणाले.

“सुट्टीत बघू,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. “पासपोर्ट घेतलात ना? आणि तो स्वेटर वरच ठेवलाय, खाली दडपू नका.”

एकोणीस वर्षांत अशी नोंद झाली नव्हती. नोंदीत विषय लिहायची शिस्त खुद्द बाईंनीच घालून दिलेली. विमान उतरेपर्यंत मास्तर त्या एका ओळीचा विषय शोधत होते.

नवी शाळा उत्तम होती. वर्गात काचेच्या मोठ्या खिडक्या, प्रत्येक मुलाला स्वतंत्र कप्पा, आणि डस्टर इतका मऊ की मास्तरांनी पहिल्या दिवशी तो चुकून तोंड पुसायला घेतला. पण शाळेचा खरा अभिमानाचा विषय होता तिचं कॅलेंडर. ते प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, सात रंगांचं, दरवाज्याएवढं होतं आणि ते समजावून सांगण्यासाठी एक स्वतंत्र बाई नेमल्या होत्या. त्यांना सगळे कॅलेंडर मॅडम म्हणत. (त्या दुसरं काही शिकवत नसत. सवडच नव्हती.)

“आपलं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं,” मॅडमनी छडी टेकवली. “दहा आठवडे शाळा, दोन आठवडे सुट्टी, असं चार वेळा. शेवटची सुट्टी मोठी, डिसेंबर मध्यापासून.”

“आणि मे महिन्यात?” मास्तरांनी विचारलं.

“मे महिन्यात काय?”

“म्हणजे... मे महिन्यात.”

“मे महिन्यात अपूर्णांक,” मॅडम म्हणाल्या.

मास्तर खोलीवर आले आणि त्यांनी आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं गणित मांडायला घेतलं. डावीकडे स्वतःच्या सुट्ट्या, उजवीकडे बाईंच्या. मास्तरांची एप्रिलची सुट्टी सत्तावीसला संपत होती. बाईंची दोन मेला लागत होती. त्यांची जुलैची सुट्टी लागेपर्यंत बाईंच्या नव्या वर्गाची हजेरी पाठ झालेली असणार. सहामाहीच्या सुट्टीत तर ते दोघे पंधरा दिवसांच्या फरकाने एकमेकांना हुलकावणी देत होते. मास्तरांची मोठी सुट्टी डिसेंबरातली, म्हणजे बाईंच्या स्नेहसंमेलनाची, क्रीडास्पर्धांची आणि तपासणीची. तेव्हा बाई घरी येत त्या घसा बसलेल्या अवस्थेत. मास्तरांनी तीनदा पडताळा घेतला. दोघांना एकाच वेळी सुट्टी असे वर्षात रविवार सोडून एकूण दिवस निघाले दीड. त्यातला अर्धा म्हणजे एका शनिवारची दुपार. उरलेला पूर्ण दिवस जानेवारीत होता, शाळेच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा, आणि टाक्या धुवून घेण्याची जबाबदारी बाईंवर होती. रविवारचं म्हणाल तर एका बाजूच्या प्रवासालाच दीड दिवस लागायचा.

रविवारी सकाळी फोन व्हायचा.

“बाई, ते दोनशे चौदा...”

“अहो, सुट्टीत म्हटलं ना.”

“आजाराबिजाराचं नाहीये ना काही?”

“नियम कोणी केला होता? तुम्हीच ना?” बाई म्हणायच्या. मग विचारायच्या, “स्वेटर घालता ना?”

“घालतो.”

शक्यतांची यादी मास्तरांनी केली होती. घर गळतंय. आत्या राहायला येतेय. बाईंना नोकरी सोडायचीय. बाईंना मास्तरांना सोडायचंय. ही शेवटची शक्यता त्यांनी खोडली, पुन्हा लिहिली आणि कागद गादीखाली ठेवला. झोपताना तो रुतायचा.

इकडे नवी शाळा जोरात सुरू झाली होती. पण सव्वीस वर्षांची सवय जडलेलं शरीर सात रंगांच्या कॅलेंडरला बधत नाही. फेब्रुवारी लागला तशी मास्तरांच्या अंगात शिरशिरी आली. सव्वीस वर्षं फेब्रुवारीत त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडली.

“दिवस थोडे राहिलेत!”

वर्गातल्या सत्तावीस मुलांचे डोळे पांढरे झाले. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. एका मुलीने हळूच विचारलं, “सर, कशाला?”

“कशाला?” मास्तर गरजले. “मार्च तोंडावर आलाय आणि विचारतेस कशाला?”

मार्चमध्ये काय होतं ते त्या मुलांना ठाऊक नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच ती अभ्यासाला लागली. मास्तरांनी जादा तास घेतले, शनिवारी बोलावलं, मधल्या सुट्टीत मैदानावर उभं करून पाढे म्हणून घेतले. वर्षभराचं गणित सात आठवड्यांत संपलं. मे महिन्यातले अपूर्णांक मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी झाले. मग परीक्षा झाली. मग मास्तरांनी हाताने प्रगतिपुस्तकं लिहिली आणि एप्रिलच्या सुट्टीहून परतल्यावर, अठ्ठावीस तारखेला सकाळी, मुलांना सांगितलं, “जा रे बाळांनो, सुट्टी लागली. उन्हात हिंडू नका.”

बाहेर कडाक्याची थंडी होती. पण मुलं आज्ञाधारक. सगळी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी उगवलीच नाहीत. पालकांची धांदल उडाली. मुख्याध्यापकांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

“हे काय केलंत तुम्ही?”

“वर्ष संपवलं,” मास्तर म्हणाले. त्यांना यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

प्रकरण कॅलेंडर मॅडमकडे गेलं. त्यांनी नियमावली काढली, चष्मा लावला, आणि दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जो निकाल दिला, त्याच्या तर्काला तोड नाही. नियम बारा : ज्या दिवशी अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रगतिपुस्तकं पूर्ण होतात, तो वर्षाचा शेवटचा दिवस होय. मास्तरांची तिन्ही पूर्ण झाली होती. सबब मास्तरांचं वर्ष संपलेलं होतं. शाळेचं चालू होतं, पण तो शाळेचा प्रश्न होता. नियम तेरा : वर्ष संपल्यावर शिक्षकाला सहा आठवडे सुट्टी देणं शाळेवर बंधनकारक आहे.

“म्हणजे मला मे महिन्यात सुट्टी?” मास्तरांनी विचारलं.

“द्यावीच लागेल,” मॅडम खिन्नपणे म्हणाल्या. “तुम्ही पुढच्या वर्षात गेलायत. आम्ही अजून इथेच आहोत.”

त्यांनी तसं प्रमाणपत्रही दिलं : ‘धारकाचे चालू वर्ष संपले असून त्यास त्याबद्दल जबाबदार धरू नये.’ मुलांना मात्र परत बोलवावं लागलं. त्यांचं गणित झालेलं असल्यामुळे त्या तासाला त्यांना खिडकीबाहेर बघायला बसवण्यात आलं. (पुढे याच वर्गाचा शाळेत पहिला नंबर आला.)

आता ही सोय झाली म्हटल्यावर बाकीच्यांना कोण थांबवणार? व्यायाम शिक्षकांनी जाहीर केलं की त्यांचं वर्ष चार महिन्यांचं आहे, कारण मुलांना तेवढ्याच उड्या येतात. संगीत शिक्षिकेचं म्हणणं पडलं की त्यांचं मागचं वर्षच अजून संपलेलं नाही, कारण त्या वर्षीचं गाणं सुरात बसलेलं नाही. इतिहासवाल्या सरांनी कुठल्या वर्षात आहेत ते सांगायलाच नकार दिला. शिक्षकांच्या खोलीत एका वेळी पाच वर्षं नांदू लागली आणि सकाळी आत शिरणारा माणूस सुरक्षित बाजू म्हणून सगळ्यांनाच नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊ लागला. घंटा वाजवणाऱ्या मामांनी तर वैतागून घंटेची दोरीच मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणून ठेवली. “कुणाची वाजवू ते एकदा ठरवून सांगा,” ते म्हणाले.

मास्तरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी स्वेटर घातला, विमान धरलं आणि दीड दिवसाने, मे महिन्याच्या चार तारखेला, दुपारी साडेबाराला घामाने निथळत आपल्या दारात उभे राहिले.

दाराला कुलूप.

मास्तरांना वाटलं, संपलं. यादीतली शेवटची शक्यता डोळ्यांपुढे नाचू लागली. ते पायरीवर बसले. तेवढ्यात शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, मास्तर! आलात होय? बाई शाळेत गेल्यात की.”

“शाळेत? अहो, सुट्टी लागली ना?”

“लागली तर. म्हणून तर बोलावलंय.”

खुलासा असा. मास्तर विमानात असताना एक परिपत्रक निघालं होतं. शिक्षक दीर्घ सुट्टीचा अपव्यय करतात असं वरिष्ठांच्या निदर्शनास आल्यामुळे ‘सुट्टीचा सदुपयोग कसा करावा’ या विषयाचं एकतीस दिवसांचं अनिवासी प्रशिक्षण सक्तीचं करण्यात आलं होतं. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तिथून रोज पाच पानी गृहपाठ. आणि शिबिरात मार्गदर्शक म्हणून, त्यांचा सुट्टीचा कित्येक वर्षांचा शिस्तबद्ध अनुभव लक्षात घेऊन, बाईंची नेमणूक झाली होती.

मास्तर बॅगेसकट शाळेत गेले. वर्गात साठ शिक्षक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते आणि बाई फळ्यावर लिहीत होत्या : ‘तास चौथा. कुटुंबातील संवाद.’ त्या वळल्या. त्यांना मास्तर दिसले. हातातला खडू खाली पडला, तो त्यांनी उचलला, आणि म्हणाल्या, “उशिरा येणाऱ्यांनी मागे बसावं.”

मास्तर मागे बसले. हजेरीचा कागद आला, त्यावर सही केली. बाई सांगत होत्या की मनातली गोष्ट त्या त्या वेळी बोलावी, साठवून ठेवू नये. साठ जण उतरवून घेत होते. मास्तरांनी हात वर केला.

“बाई, दोनशे चौदा.”

“मधल्या सुट्टीत,” बाई म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या एकाने तेही उतरवून घेतलं.

मधली सुट्टी दहा मिनिटांची होती. पाण्याच्या टाकीजवळ दोघे उभे राहिले. बाईंनी पिशवीतून वही काढली. ती त्या रोज बरोबर ठेवत असाव्यात, कारण कोपरे डब्याच्या तेलाने पारदर्शक झाले होते.

“नियमाप्रमाणे दोघांना सुट्टी आहे का आत्ता?” बाईंनी विचारलं.

“मधली आहे,” मास्तर म्हणाले. “सुट्टी ती सुट्टीच. बोल आता, जीव टांगणीला लागलाय माझा.”

बाईंनी पान उघडलं. नोंदीकडे बघितलं. मग वही मिटून मास्तरांकडे बघितलं.

“जाऊ नका, असं सांगायचं होतं.”

टाकीचा नळ गळत होता. मास्तरांनी तो उगाच घट्ट करून पाहिला.

“अगं, मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तेव्हा शाळा होती ना,” बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. “घटक चाचण्या चालू होत्या. आणि रिक्षा उभी होती. चार मिनिटांत होण्यासारखं नव्हतं हो.”

“मलाही जायचं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “अकरा दिवस वाट बघत होतो, तू नको म्हणशील म्हणून.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी सवयीने वही त्यांच्यापुढे केली, मास्तरांनी सवयीने खिशातलं पेन काढलं, आणि टाकीच्या कठड्यावर वही ठेवून लिहिलं, नोंद २१५. करारातलं अजून दीड वर्ष बाकी होतं. दोघे जाऊन पाचव्या तासाला बसले.

शिबिराच्या शेवटी आलेल्या अहवालात हे प्रकरण ‘यशकथा’ या सदरात छापलं गेलं आहे आणि वहीची ही पद्धत सर्व घरांना लागू करावी अशी शिफारस समितीने केली आहे. शिफारस अनावश्यक आहे असं आमचं नम्र मत आहे. ती वही आपल्याकडेही आहे. आपण फक्त नोंदी लिहून ठेवत नाही. जे सांगायचं राहिलंय ते आपल्याला पाठ आहे, आणि ज्यांना सांगायचंय ती माणसं बहुधा या क्षणी आतल्या खोलीत आहेत. त्यांना हाक मारावी, असं आपल्याला आत्ता एकदा वाटूनही गेलं असेल. पण आपलं वाचन चाललं होतं. आता तेही संपलं, तर उठायला हरकत नाही. नाहीतर राहू द्या. सुट्टीत बघू.